गूढकथांचे वाङ्मय आणि आचार्यमुष्टी

वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते तेथील फाट्यामुळे. नागपूरहून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गापासून येथे वरोरा-चंद्रपूरचा रस्ता वेगळा होतो. याच समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तेथे ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून सर्व धर्मांचे भाविक वर्षभर येत असतात. चंद्रपूरच्या रस्त्याने पुढे गेले की भद्रावती, म्हणजे जुने भांदक, लागते व तेथे विजासनची बौद्ध लेणी आहेत. एका फाट्यापासून दोन दिशांना असलेली ही दोन स्थळे आम्ही या लेखासाठी जाणीवपूर्वक निवडली आहेत. पहिल्या स्थळाशी एक चमत्कारकथा निगडित आहे आणि दुसऱ्याशी इतिहासातील एक न सुटलेला प्रश्न. या दोहोंतील अंतर ज्याला कळले, त्याला आज मराठीत मोठ्या प्रमाणावर वाचल्या जाणाऱ्या गूढविषयक वाङ्मयाची पारख करणे कठीण नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम गिरडची कथा पाहू. ब्रिटिश काळातील गॅझेटियरात ती नोंदली गेली आहे. फकिराच्या वेषात तीस वर्षे भ्रमण करून शेख फरीद इ.स. १२४४ च्या सुमारास या टेकडीवर स्थायिक झाले, असे तेथे सांगितले आहे. दोन फिरते व्यापारी आपला माल घेऊन तेथून चालले असता त्यांनी या साधूची थट्टा केली. साधूने त्यांचा सारा माल, त्यातील नारळांसह, दगड करून टाकला. व्यापाऱ्यांना पश्चात्ताप झाला. तेव्हा साधूने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला आणि ते कायमचे त्याच्या सेवेत राहिले. टेकडीवर सापडणारे गोलसर खडे हा तोच दगड झालेला माल होय, अशी श्रद्धा आहे.

भूशास्त्राच्या दृष्टीने हे खडे झिओलाइट वर्गातील खनिजांचे आहेत. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पाझरणाऱ्या पाण्यातून खनिजे साचत गेली. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि आतील कठीण गोळे सुटे होऊन बाहेर पडले. त्यांचा आकार पोकळीचा आकार होय, म्हणून ते फळासारखे किंवा सुपारीसारखे दिसतात. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेट या खनिजशास्त्रज्ञाने या खनिजांना झिओलाइट हे नाव दिले. तापवले असता त्यांतून वाफ निघते, यावरून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचा तो ग्रीक शब्द बनविला गेला.

येथे आम्हांस एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. गिरडची लोककथा कोणालाही फसवीत नाही. धनिकाने फकिराची थट्टा करू नये, आणि पश्चात्ताप करणाऱ्याला दुसरी संधी मिळावी, हा तिचा आशय आहे. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या खड्यांना गावाने दिलेला तो एक नैतिक अर्थ होय. दोष सुरू होतो तो हीच कथा उचलून ‘विज्ञानालाही न उलगडलेले रहस्य’ अशा मथळ्याखाली छापली जाते तेव्हा. लोककथेने विज्ञानाचे नावही घेतलेले नसते. मथळा लिहिणारा मात्र विज्ञानाने दिलेले उत्तर दडवतो आणि त्या दडवण्यालाच रहस्य म्हणतो. लोककथेला अंधश्रद्धा म्हणून हिणवणे आणि या मथळ्याला निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देणे, हे आमच्या मते उलटे न्यायदान आहे.

मराठीत या प्रकारच्या लेखनाला बहर आला तो एरिक फॉन डॅनिकेन यांच्या १९६८ सालच्या जर्मन पुस्तकानंतर. परग्रहावरून आलेल्या अंतराळवीरांनाच प्राचीन मानवाने देव मानले, असा त्यांचा सिद्धान्त. बाळ भागवत यांनी ‘देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!’ या पुस्तकाद्वारे तो मराठी वाचकांपर्यंत आणला. डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णी यांचे ‘पृथ्वीवर माणूस उपराच!’ हे पुस्तकही याच वळणाचे असून ते घरोघर वाचले गेले. या लेखनाचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. ज्या वाचकाने इजिप्त किंवा पेरू या देशांची नावे केवळ नकाशात पाहिली होती, त्याला या पुस्तकांनी तेथील वास्तूंविषयी कुतूहल दिले. देवाविषयी प्रश्न विचारण्याचे धाडसही त्यांच्या शीर्षकातच आहे. परंतु हे धाडस अर्ध्या वाटेवर थांबते. आकाशातील देव हटविला जातो आणि त्याच सिंहासनावर आकाशातील अंतराळवीर बसविला जातो. खाली उभा असलेला माणूस होता तेथेच राहतो, हात जोडून.

या वाङ्मयाच्या तर्कपद्धतीचे मुख्य अंग म्हणजे प्रश्नचिन्ह. ‘इतके प्रचंड दगड त्या काळच्या माणसांनी कसे हलविले असतील?’ असा प्रश्न विचारावयाचा, उत्तरासाठी थांबावयाचे नाही, आणि पुढल्या परिच्छेदात ‘माणसांना ते शक्य नव्हते’ हे गृहीत धरून चालू लागावयाचे. प्रश्न विचारणे हा चिकित्सेचा आरंभ आहे. येथे मात्र प्रश्नाकडूनच पुराव्याचे काम करून घेतले जाते. आणि ज्यांच्या सामर्थ्याविषयी ही शंका घेतली जाते ते नेहमी कोण असतात? राजाच्या वैभवावर कोणी शंका घेत नाही. शंका घेतली जाते ती पाथरवटाच्या हातांवर.

वेरूळच्या कैलास लेण्याचे उदाहरण घेऊ. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे लेणे माथ्यापासून पायथ्याकडे खोदले गेले. हे मानवी हातांचे काम नव्हे, असे सांगणारे लेखन विपुल आहे. या प्रश्नावर जवळच्या काळाची साक्ष उपलब्ध आहे. इ.स. ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात या मंदिराची प्रशंसा आली आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून चकित होतात, असे ताम्रपटाचा कवी म्हणतो. आणि ज्या शिल्पकाराने ते घडविले तोही, हे आपल्या हातून कसे झाले, या विचाराने थक्क होतो, असेही म्हणतो. कवीची ही अतिशयोक्ती आहे हे उघड आहे. परंतु त्या अतिशयोक्तीतही भूमिकांची वाटणी अचूक आहे. विमानातले पाहतात, जमिनीवरचा घडवितो. आजचे गूढवादी लेखन ही वाटणी नेमकी उलट करते. विमानातल्याला ते कारागीर करते आणि कारागिराला नाहीसा करते. बाराशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीने जेवढा न्याय शिल्पकाराला दिला, तेवढाही या लेखनाला देता येत नाही.

बौद्ध लेण्यांच्या बाबतीत तर याहून स्पष्ट पुरावा भिंतींवर कोरलेला आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, हे तेथील शिलालेखच सांगतो. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास या कोळ्याच्या दानाची नोंद आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले तेव्हा स्तूपाच्या दगडी कठड्यांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत आढळली. तेथील मुचलिंद नागाच्या शिल्पाखालीही नाव कोरलेले आहे, म्हणजे पाहणाऱ्याने अंदाज बांधत बसू नये, वाचावे. ज्या परंपरेने सुताराचे व कोळ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकेल अशा पाषाणावर कोरले, तिच्या वास्तूंना ‘अज्ञात निर्मात्यांची’ म्हणणे हे अज्ञान आहे, आणि त्याचा तोटा कोणाला होतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

कल्पित गूढाचे आणखी एक उदाहरण आमच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे, कारण त्यात सम्राट अशोकाचे नाव गुंतविले गेले आहे. कलिंगयुद्धानंतर अशोकाने नऊ अज्ञात पुरुषांचे एक गुप्त मंडळ स्थापले. धोकादायक ज्ञान दुष्टांच्या हाती पडू नये म्हणून नऊ ग्रंथांत बंदिस्त करून त्यांच्याकडे सोपविले. हे मंडळ आजही अस्तित्वात आहे, अशी ही कथा. तिचा प्रसार कसा झाला ते सहज पाहता येते. टॅलबट मंडी या इंग्रज कादंबरीकाराने १९२३ च्या सुमारास या नऊ अज्ञातांवर एक साहसकादंबरी लिहिली. १९६० साली पोवेल व बर्ज्ये या दोन फ्रेंच लेखकांनी आपल्या गूढविषयक ग्रंथात ही कथा इतिहास म्हणून मांडली. तेथून ती जगभर पसरली आणि भारतात ‘आमच्या प्राचीन विज्ञानाचा पुरावा’ होऊन परतली. अशोकाच्या एकाही लेखात या मंडळाचा उल्लेख नाही.

काही बौद्ध तरुणांना ही कथा आवडते, हे आम्ही जाणतो. आपल्या सम्राटाभोवती एवढे मोठे वलय आहे, याचे त्यांना समाधान वाटते. परंतु या कथेने अशोकाचे काय केले ते नीट पाहावे. ज्ञात अशोकाने आपले म्हणणे वाटेवरच्या खडकांवर आणि स्तंभांवर, प्रामुख्याने लोकांना कळेल अशा प्राकृतात कोरविले. कलिंगात किती माणसे मेली, किती देशोधडीला लागली, हे स्वतःस बोचणारे आकडेही त्याने लपविले नाहीत. धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत तर त्याने आज्ञा दिली आहे की, हे लेखन तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावे, ऐकणारा एकच असला तरी वाचावे. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला आणि नवव्याचा १९५६ साली सापडला. एका श्रोत्यासाठीही वाचा म्हणणारा हा राजा. त्याला गुप्त मंडळाचा संस्थापक ठरविणे हा त्याचा गौरव होत नाही. त्याच्या जीवनकार्याचाच तो इन्कार होय.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदास स्पष्ट सांगितले आहे की, आतले आणि बाहेरचे असा भेद न करता आपण धम्म सांगितला आहे आणि तथागताच्या ठायी आचार्यमुष्टी नाही. आचार्यमुष्टी म्हणजे गुरूची बंद मूठ. काही ज्ञान स्वतःजवळ झाकून ठेवण्याची वृत्ती. या देशात ज्ञान मुठीत ठेवण्याची व्यवस्था किती काळ चालली आणि कोणाच्या मुळावर आली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. म्हणून ‘नऊ अज्ञात’ ही कथा आम्ही केवळ खोटी म्हणून नाकारीत नाही. ती बंद मुठीचे गुणगान करते, हा आमचा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

हीच कसोटी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाला लावावी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर वेदविद्येच्या आधारे विमान उडविले, ही कथा मराठी वाचकांना परिचित आहे. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तिच्या समर्थनार्थ ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत. अभ्यासकांनी ग्रंथाची भाषा, वृत्ते, आकृत्या आणि उड्डाणाचे गणित तपासले व आपली कारणे उघड मांडली. ज्याला ती पटत नसतील त्याने ती खोडून काढावीत. उघड्या हाताचे ज्ञान ते हेच.

आता खऱ्या गूढाकडे वळू. विजासनच्या लेण्यात डोंगरात सरळ आत गेलेला बोळ आहे. त्याच्या शेवटी आसनस्थ बुद्धमूर्ती आहे, आणि त्याला काटकोनात दोन बाजूंना निघालेल्या बोळांतही मूर्ती आहेत. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने वर्णिलेल्या कोसलदेशाची राजधानी हीच होती, की चांदा, की वैरागड, यावर एकोणिसाव्या शतकापासून विद्वानांत वाद आहे. त्याच वर्णनात नागार्जुनासाठी सातवाहन राजाने डोंगर खोदून बांधलेल्या पाच मजली संघारामाची हकीकत येते. ह्युएनत्संग लिहितो की, काम निम्मेही झाले नव्हते तोच राजाचा खजिना रिता झाला, तेव्हा नागार्जुनाने औषधी शिंपडून दगडांचे सोने केले. गिरडला मालाचा दगड झाला, येथे दगडाचे सोने झाले. परंतु याच हकीकतीत एक साधी नोंदही आहे. काम पुरे झाल्यावर मजुरांनी खाल्लेल्या मिठाचा हिशेब केला, तो नऊ कोटी सुवर्णमुद्रांचा निघाला. आकडा अतिशयोक्त असेल. पण ज्या कथेत सोने चमत्काराने येते, त्याच कथेला मजुरांचे मीठ विसरता आलेले नाही. आमच्या दृष्टीने नागार्जुनाच्या सोन्यापेक्षा हे मीठ अधिक मोलाचे आहे.

त्या हकीकतीचा शेवट अधिक विचार करण्याजोगा आहे. भिक्षूंत कलह माजला. त्या संधीचा फायदा घेऊन ब्राह्मणांनी संघाराम ताब्यात घेतला व भिक्षूंना मज्जाव केला. पुढे आत जाण्याची वाटही बाहेरच्यांना ठाऊक राहिली नाही. आतील कोणी आजारी पडल्यास वैद्याला नेताना व आणताना त्याचा चेहरा झाकत, म्हणजे त्याला वाट कळू नये. हा वृत्तान्त अक्षरशः खरा मानावा असा आमचा आग्रह नाही. तरीही गूढ कसे जन्मते याचे इतके नेमके चित्र आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. लेणे गूढ नव्हते. त्यात माणसे राहत होती, मीठ खात होती, भांडतही होती. वाट झाकली गेली आणि मग ते गूढ झाले.

हा संघाराम नेमका कोठे होता? श्रीपर्वताकडे बोट दाखविणारे अभ्यासक आहेत, तसेच रामटेकच्या परिसराकडे दाखविणारेही आहेत. रामटेकजवळील मनसर येथे १९९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केले आणि त्या स्थळाशी नागार्जुनाचे नाव अधिक दृढपणे जोडले गेले. उलट डच अभ्यासक हान्स बाकर यांच्या मते तेथील मुख्य अवशेष वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याच्या प्रवरेश्वर मंदिराचे आहेत. आणि प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी पूर्वीच प्रतिपादिले होते. येथे बौद्ध वाचकाची खरी परीक्षा आहे. मनसर हे नागार्जुनाचेच स्थान ठरावे, ही इच्छा स्वाभाविक होय. परंतु इच्छेला पुराव्याचे स्थान दिले, की आपणही प्रश्नचिन्हाला साक्षीदार करणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसतो.

मग पुरावा अपुरा असताना इतिहासकाराने मौन पाळावे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे की, दुवे निखळलेले असतील तेथे ते सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. कल्पना व अंतःप्रज्ञा यांच्या साहाय्याने गृहीतक मांडता येते. त्यांनी वाताहत झालेल्या माणसांचा सिद्धान्त मांडला तो गृहीतक म्हणून, त्याच्या बाजूची व विरुद्धची कारणे वाचकासमोर ठेवून. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही त्यांनी आरंभी प्रश्नच ठेवले. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा बुद्धीला पटत नाही, कारण एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर ती दृश्ये पाहिलीच नव्हती हे संभवत नाही. त्या जागी त्यांनी शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. गूढकथा वाचकाला विस्मयापाशी थांबविते. बाबासाहेबांचे गृहीतक वाचकाला पाण्याच्या वाटणीपर्यंत, म्हणजे माणसामाणसांतील व्यवहारापर्यंत नेते, आणि आपण कोठे खोडले जाऊ शकतो हेही दाखविते.

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात नालंदेचा गृहस्थ केवट्ट तथागतांना विनंती करतो की, एखाद्या भिक्षूकडून चमत्कार करवावा, म्हणजे नगरातील लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. ऋद्धीचा चमत्कार पाहून अश्रद्ध माणूस ती एखादी गांधारी विद्या समजेल, म्हणून अशा प्रदर्शनात त्यांना धोका दिसतो. त्यांना मान्य असलेले प्रातिहार्य एकच, अनुशासनीचे, म्हणजे शिकवणुकीचे. माणूस शिकतो व बदलतो, हा तो चमत्कार. केवट्टाचा हेतू वाईट नव्हता. धम्माचा प्रसार व्हावा, एवढेच त्याला हवे होते. आज अशोकाचे नऊ अज्ञात किंवा नागार्जुनाचे सोने अभिमानाने सांगणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. म्हणूनच त्याला दिलेले उत्तरही त्या सुत्तातल्यासारखे सौम्य पण नि:संदिग्ध असावे.

गूढविषयक पुस्तके वाचू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. ती वाचताना चार प्रश्न जवळ ठेवावेत. ही कथा प्रथम कोठे व केव्हा लिहिली गेली? उपलब्ध असलेले कोणते उत्तर लेखकाने दडविले? या कथेत कोणाचे श्रम नाहीसे झाले? आणि लेखकाचे म्हणणे चुकीचे ठरावयाचे असेल तर ते कशाने ठरेल, हे त्याने सांगितले आहे काय? या कसोटीला विजासनचा प्रश्न उतरतो. तो अद्याप सुटलेला नाही, पण बंद मुठीतही नाही. त्याचे अवशेष, नकाशे आणि मतभेद सर्वांसमोर आहेत. आमच्या विहारांतून वर्षावासात सहली निघतात, लेण्यांत वंदना होते व छायाचित्रे घेतली जातात. त्याच सहलीत सोबत टेप आणि वही न्यावी, बोळांची लांबी मोजावी, मूर्तींची मुद्रा, झीज व अक्षरांच्या खुणा टिपाव्यात, आणि ती वही विहाराच्या ग्रंथालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी.